सरदार पंगतीला बसतात

माझे सासरे तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन टोकियोला आले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. नवरा नागोयात, गाड्यांच्या कंपनीत. मी मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत. आणि बाबा हिगाशी-कसाईच्या आठव्या मजल्यावर, कचऱ्याबरोबर. एकदा त्यांनी भलत्याच दिवशी बाटल्या खाली नेऊन ठेवल्या, तेव्हा इमारतीच्या व्यवस्थापकाने त्यांना कमरेत वाकून, हसतमुखाने झापलं होतं. त्याचा बाबांनी असा धसका घेतला की दुधाचा रिकामा खोका ते धुवायचे, कात्रीने उलगडायचे, वाळत घालायचे आणि संध्याकाळी मी घरी आले की तो मला दाखवायचे.

पण बाबांचं खरं दुखणं वेगळंच होतं. सांगलीत ते वीज मंडळात नोकरीला होते. नोकरी ही पोटासाठी, ओळख मात्र वाढपी म्हणून. ओळखीतलं कुठलंही लग्न असो, मुंज असो, बाबा शर्टाच्या बाह्या सरसावून जिलबीचं ताट घेऊन पंगतीत उतरले की जेवणारे सावध होऊन बसायचे. त्यांच्या तडाख्यातून दोन जिलब्यांवर सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या काकांना त्यांनी इतका आग्रह केला की काका वरातीला आलेच नाहीत, कार्यालयाच्या सतरंजीवर आडवे होते. आणि असा माणूस टोकियोत, जिथे वाढायला कोणी नाही. मी डाएटवर, नवरा नागोयात. शेवटी पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाला ते दारात धरून चकल्या खायला घालायला लागले. तो बिचारा वाकून नको म्हणायचा, मग वाकून घ्यायचा, मग वाकून पळायचा.

आमच्या ऑफिसात एक निवृत्त काचो होते. काचो म्हणजे सेक्शनप्रमुख. निवृत्तीनंतर बँकेने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं. मी नवीन असताना कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकायचा हे त्यांनी मला न कंटाळता शिकवलं होतं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर जीव होता. उंचीने बेताचे, केस पांढरेशुभ्र, आवाज असा की फोनवर बोलतायत की स्वतःशी हे कळू नये. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे टेबलाशी डबे उघडायचो आणि ते खिडकीपाशी उभं राहून कोनबिनीतली ओनिगिरी खायचे, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा भाताचा त्रिकोणी गोळा. मी एकदा खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "बायको गेल्यापासून टेबलाशी बसायला जमत नाही. समोरची खुर्ची दिसते." त्यानंतर मी खुर्ची पुढे करायचं सोडून दिलं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले, उभेच, आणि म्हणाले की सगळं जुळून आलं तर या महिनाअखेरीस ते नाइट होणार आहेत.

मला वाटलं रात्रपाळी. पण नाही, खरोखरचे नाइट. युरोपातल्या ख्रिस्ती सरदारांचा संघ असतो तो, खांद्यावर काळा झगा, झग्यावर पांढरा क्रूस. माझा चेहरा पाहून त्यांनी टेबलावरच इतिहास मांडला. सोया सॉसची बाटली म्हणजे जेरुसलेम. तिथे यात्रेकरूंसाठी एक दवाखाना होता आणि त्या दवाखान्याची राखण करता करता सेवेकऱ्यांचे सरदार झाले. जेरुसलेम हातचं गेलं, तेव्हा सगळे दवाखाना घेऊन एका बेटावर गेले. ते म्हणजे तिखटाची डबी. तेही गेलं, मग दुसरं बेट, म्हणजे माझा लोणच्याचा डबा. शेवटी लोणच्याचा डबाही गेला. मग झगे पेट्यांत पडून राहिले. बऱ्याच काळाने युरोपातल्या काही जुन्या घराण्यांनी त्या पेट्या उघडल्या आणि ठरवलं की आता तलवार नको, नुसता दवाखाना आणि जेवण. आता ते रुग्णवाहिका चालवतात आणि गरिबांना जेवू घालतात. जपानमधली शाखा तर अगदी अलीकडची. शाखा म्हणजे चार म्हातारे आणि एक व्हॅन.

रात्री जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी घास तसाच हातात धरला.

"म्हणजे एक गड गेला की पुढचा गड," ते म्हणाले. "आणि शेवटी एकही गड उरला नाही."

"हो."

"जहागीर?"

"नाही."

"घोडा?"

"व्हॅन आहे एक."

"आणि तरी वाढतात?"

"दर महिन्याला. चर्चच्या हॉलमध्ये. एकटे राहणारे, रस्त्यावर राहणारे म्हातारे येतात जेवायला."

"मग हे खरे सरदार," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात काचो-सान सरदार झाले.

सरदारांचं जे पणाला लागलं होतं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी गंमत करायची जरा कमी केली. चर्चला जाणारी त्यांची बायको होती. दर महिन्याच्या त्या जेवणाला ती वाढायला जायची आणि हे तिला सोडायला गाडी घेऊन जायचे. "ती आत वाढत असायची," ते म्हणाले, "आणि मी गाडीत बसून रेडिओवर बेसबॉल ऐकत असायचो. कित्येक वर्षं. एकदाही आत गेलो नाही." ती गेल्यावर ते आत गेले. बाप्तिस्मा घेतला, वर्षभर भांडी घासली, कांदे कापले. आता शेवटची परीक्षा होती. युरोपातून संघाचे कोणी मोठे सरदार येणार होते. त्या रविवारचं जेवण उमेदवाराने द्यायचं, मोठ्या सरदारांनी बघायचं, आणि सगळं नियमाप्रमाणे झालं तर संध्याकाळी झगा. नाही झालं तर पुन्हा वर्षभर कांदे. सरदारांचं वय आणि तब्येत बघता वर्ष ही काही हातात असलेली गोष्ट नव्हती. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

आणि नेमकी तेव्हाच दर महिन्याला स्वयंपाक करणारी बाई मनगट मोडून घेऊन बसली. सरदारांनी मला घाबरत घाबरत विचारलं, की तुमच्याकडचं काही साधं जेवण तुम्ही करू शकाल का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण हा प्रश्न त्यांनी आमच्या घरी येऊन विचारण्याची चूक केली होती आणि बाबा शेजारी बसले होते.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि शिरा," बाबा म्हणाले. "हो म्हण त्यांना."

"बाबा, चर्च आहे ते."

"मग चर्चात काय उपाशी राहतात?"

चव बघायला म्हणून बाबांनी त्याच दिवशी शिरा केला. सरदार काही केल्या बसेनात. ओट्याला टेकून उभे राहिले, हातात ती चिमुकली जपानी वाटी. ती बघून बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, की यात काय वाढायचं, देवाचा नैवेद्य? आणि डाव शिऱ्यात खुपसला. सरदार घाबरले. मग बाबांनी त्यांना आमच्याकडची खूण शिकवली: पुरे झालं की हात असा पानावर आडवा धरायचा. तोंडाने कितीही नको म्हणा, ते कोणी ऐकत नाही, हात आडवा झाला की वाढपी थांबतो. बाबा मराठीत, सरदार जपानीत आणि मधे मी. सरदार हुशार विद्यार्थी निघाले. त्यांनी पहिला डाव पडायच्या आतच वाटीवर हात आडवा धरला. कसाबसा चमचाभर शिरा त्यांच्या पोटात गेला.

"हा माणूस जेवत नाही," ते गेल्यावर बाबा म्हणाले. "नुसता खातो."

झगाही माझ्याच गळ्यात पडला. तो युरोपातून आलेला, कोणा सहा फुटी माणसाच्या मापाचा. सरदारांनी अंगावर घेतला तर मागे वीतभर लोळत होता आणि ते अंथरुणातून उठून आल्यासारखे दिसत होते. साडीला फॉल लावतात तसा मी त्याला हाताने टाका घातला आणि बजावलं की डावी बाजू जरा कच्ची आहे, जोरात वळू नका.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सरदारांनी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून नियम सांगितले. हे नियम जेरुसलेमच्या दवाखान्यापासूनचे. जेवायला येणारे हे आपले मालक. त्यांना कागदी ताटली द्यायची नाही, चिनी मातीचीच द्यायची. ताट रिकामं दिसता कामा नये. आणि शेवटचा मालक उठेपर्यंत कोणाही सरदाराने बसायचं नाही, हातातला डाव खाली ठेवायचा नाही. शिवाय उमेदवाराने आदल्या रात्रीपासून उपास करायचा. मी बाबांना एकेक नियम मराठीत सांगत होते आणि बाबांचा चेहरा उजळत चालला होता. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी बायकोची बोलणी खाल्ली, ती कुठल्या तरी पवित्र भूमीत नियम म्हणून चालू होती.

मोठे सरदार आले. उंच, लालबुंद, एका गुडघ्याने अधू. त्यांच्या हातात आम्ही मठ्ठ्याचा जग दिला. मालक येऊन बसले, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, स्वच्छ दाढ्या केलेले. एकाच्या डोक्यावर लाल टोपी होती, त्याने ती काढून मांडीवर ठेवली. बाबांनी बाह्या सरसावल्या. ते दृश्य मी पुरतं पाहिलं नाही, मी आत पापड तळत होते.

आधी मसालेभाताचं पातेलं संपलं, तेव्हा मला आनंद झाला. मग राखून ठेवलेलं दुसरं संपलं, तेव्हा आश्चर्य वाटलं. शिऱ्याची परात तळाला गेली, तेव्हा मी हात पुसत बाहेर आले.

हॉल अगदी शांत होता. कोणी बोलत नव्हतं, नुसते जेवत होते, आणि ते जेवणं बघवत नव्हतं. लाल टोपीवाल्याच्या कपाळावर घाम होता. एका म्हाताऱ्याने पँटचा पट्टा सैल केला होता. दुसरा प्रत्येक घासाआधी डोळे मिटत होता. जग घेतलेले मोठे सरदार एका पायावर भार टाकून भिंतीला लागले होते. आणि आमचे सरदार हॉलच्या मधोमध डाव धरून ताठ उभे होते, कागदासारखे पांढरे. या सगळ्यांमधून माझे सासरे एकटे हसतमुखाने फिरत होते.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

"अगं, थांबू कसा? ताटं चाटूनपुसून रिकामी करतायत. किती दिवसांचे उपाशी असतील बिचारे."

मी लाल टोपीवाल्यापाशी वाकले आणि विचारलं, की तुमचं पोट भरलं का.

"केव्हाच," तो हळूच म्हणाला. "पण ताटात टाकायचं कसं? आणि संपवलं की ते आजोबा पुन्हा येतात. मी नको म्हणालो. दरवेळी म्हणालो."

"मग उठा ना तुम्ही."

त्याला माझी कीव आली असावी. "इतकी मोठी माणसं आपल्यासाठी ताटकळत उभी आहेत," तो म्हणाला. "ती वाढत असताना आपण उठून चालायला लागायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मालक उठल्याशिवाय सरदार बसणार नाहीत. सरदार उभे आहेत तोवर मालक उठणार नाहीत. जपानी माणूस जेवण संपलं म्हणून ताट स्वच्छ करतो, आणि सांगलीचा वाढपी स्वच्छ ताट दिसलं की वाढतो. तोंडी नकार बाबांच्या लेखी तिसऱ्या वेळेपर्यंत नकार नसतोच, आणि इथे तर तो इतक्या हळू, इतका वाकून दिलेला, की बाबांना ते आशीर्वादच वाटले असणार. हात आडवा धरायची खूण आम्ही सबंध टोकियोत एकाच माणसाला शिकवली होती, आणि तो नेमका उपाशी होता. मला बाबांचा राग आला, सरदारांचा राग आला, आणि ज्याने हे नियम पहिल्यांदा केले त्या जेरुसलेमच्या साधूचा तर फारच आला.

मी बाबांना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. शिऱ्याची परात त्यांनी खाली ठेवली, मोठ्या माणसाने हत्यार खाली ठेवावं तशी. "म्हणजे मी त्यांना छळलं," ते म्हणाले. पण बाबा थांबल्याने काही सुटेना. सरदार उभेच होते आणि मालक बसलेलेच. मी सरदारांपाशी गेले. त्यांचे ओठ सुकले होते.

"बसा हो," मी म्हणाले. "पडाल."

"ते उठल्यावर," सरदार म्हणाले. त्यांनी हॉलच्या खिडकीकडे पाहिलं, तिच्यातून खालची गाड्या लावायची जागा दिसत होती. "मी पुष्कळ बसलोय."

मला रडू येईल असं वाटलं, आणि भर हॉलमध्ये रडणं परवडणार नव्हतं, म्हणून मी पुन्हा लाल टोपीवाल्याकडे गेले आणि माझ्या मोडक्या जपानीत सरळ सगळं सांगून टाकलं. की हे आदल्या रात्रीपासून उपाशी आहेत. की नियमाने तुम्ही मालक आहात, ते चाकर आहेत. की तुम्ही उठलात तरच ते बसू शकतात, आणि आधी बसले तर त्यांचं वर्ष वाया जाईल.

त्याने ते शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने पुढे. हॉलभर कुजबुज झाली. मग लाल टोपीवाल्याने टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि पोट सांभाळत उभा राहिला. एकेक करत सगळे उभे राहिले. मी दार उघडायला निघाले. पण कोणी दाराकडे वळलंच नाही. लाल टोपीवाला चालत सरदारांपाशी गेला, त्यांच्या हातातून डाव काढून घेतला आणि स्वतःच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बसा," तो म्हणाला. "मालक सांगतोय."

सरदारांनी मोठ्या सरदारांकडे पाहिलं. मोठे सरदार आधीच खुर्ची शोधत होते. ते बसताना असे कण्हले की त्या आवाजाने परीक्षेचा निकाल लागला असं मी धरून चालले.

बाबांना एवढंच हवं होतं. "वाढप्यांची पंगत!" ते मला म्हणाले. "शेवटी वाढपी बसतात आणि जेवलेले वाढतात. आमच्याकडे अशीच असते. यांना कोणी शिकवलं?" आणि परात, पातेली, जग, जे हाती लागेल ते त्यांनी मालकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. उरलं होतं थोडंच, तळाची खरवड काढावी लागली. पण दीड तास आग्रह सोसलेली ती माणसं आग्रह करायला मोकळी सुटली होती, आणि सूड घेतल्यासारखी वाढत होती. मोठे सरदार ताटात घासभर टाकून उठू बघत होते, तर पट्टा सैल केलेल्या म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं.

संध्याकाळी झगा मिळाला, हे इथेच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. आशीर्वाद घेताना सरदार जोरात वळले आणि डाव्या बाजूचा टाका उसवला. मी सांगितलं होतं.

पण ते संध्याकाळी. दुपारी ते फक्त एका टेबलाशी बसलेले एक भुकेले गृहस्थ होते. समोरच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. बाबांच्या ते लक्षात आलं म्हणून, की नुसतेच पाय दुखत होते म्हणून, कोण जाणे, पण ते त्या खुर्चीवर जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा पंगत चालू असताना मी त्यांना बसलेलं पाहिलं. सरदार आधी नुसते ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी मसालेभात खाल्ला, भाजी खाल्ली, सावकाश, कणसुद्धा न ठेवता. शिऱ्याची वाटी रिकामी झाली. लाल टोपीवाल्याने डाव भरून वाटीवर धरला आणि तो थांबला.

बाबा समोरून त्यांच्या हातांकडे बघत होते. मीही बघत होते. सरदारांना खूण येत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिथेच राहू दिले.